वकिलांच्या ऑफिसात वर्ड: टायपिंगच्या टेबलावरून केलेलं परीक्षण

पुण्यात शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका वकिलांच्या ऑफिसात ड्राफ्टिंग आणि टायपिंगचं टेबल मी सांभाळते. दावा, कैफियत, निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाईचा) अर्ज, प्रतिज्ञापत्र, पर्सिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन), अधूनमधून हायकोर्टाचं रिट, सगळं याच टेबलावरून पुढे जातं. मायक्रोसॉफ्ट वर्ड कोर्टाच्या कामाला कसं आहे, असं आसपासच्या ऑफिसांतल्या मुली विचारतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. आधी निकाल सांगते: कॉम्प्युटरवर बसवलेलं पूर्ण वर्ड घ्यावं, पैसे वसूल होतात. ब्राउझरमध्ये उघडणारं फुकटचं वर्ड पत्रं लिहायला ठीक आहे, पण त्यात मॅक्रो (एका बटणावर चालणाऱ्या साठवलेल्या आज्ञा) चालत नाहीत आणि शंभर पानांच्या पिटिशनला ते अपुरं पडतं.

वर्ड घेतल्यावर पहिलं काम म्हणजे होम टॅबवरचं उलट्या ‘पी’सारखं दिसणारं बटण दाबायचं आणि दाबलेलंच ठेवायचं. कंट्रोल-शिफ्ट-८ नेही तेच होतं. त्यामुळे प्रत्येक एंटर, स्पेस आणि टॅब डोळ्यांना दिसतो. सुरुवातीला पान गजबजलेलं वाटतं, पण वर्डची निम्मी कोडी इथेच सुटतात. पॅराचा इंडेंट, ओळींमधलं अंतर, परिच्छेद क्रमांक ही सगळी माहिती पॅराच्या शेवटच्या त्या खुणेत साठवलेली असते. खूण पुसली की दोन पॅरा एक होतात आणि फॉरमॅटिंग एकाचंच उरतं. ‘काहीच केलं नाही तरी नंबर बदलले’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते. शंका आली की त्या पॅरात कर्सर ठेवून शिफ्ट-एफ वन दाबा. उजवीकडे पट्टी उघडते आणि कोणतं फॉरमॅटिंग कुठून आलं ते ओळीओळीने दाखवते. मग कंट्रोल-क्यूने पॅराचं आणि कंट्रोल-स्पेसबारने अक्षरांचं वरून लावलेलं फॉरमॅटिंग काढून टाका. वर्डमधली ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते, आणि क्लासात ती क्वचितच शिकवतात.

आपल्याकडे नवा दावा कोऱ्या पानावर सुरू होत नाही. जुन्या केसची फाईल उघडायची, ‘सेव्ह ॲज’ करायचं आणि नावं बदलायची, हीच पद्धत. अशा फाईलमध्ये आधीच्या कितीतरी ड्राफ्टचं फॉरमॅटिंग थरांनी साचतं. त्यावर उपाय स्टाइल्स, म्हणजे नाव देऊन साठवलेलं फॉरमॅटिंग. सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, टाइम्स न्यू रोमन १४, ओळींत दीड अंतर, उताऱ्यांना १२ आणि एकेरी अंतर, डावी-उजवीकडे ४ सेंटिमीटर आणि वर-खाली २ सेंटिमीटर समास ठरवून दिला. याची एकदाच टेम्प्लेट केली: मुख्य मजकुराची एक स्टाइल, उताऱ्याची दुसरी, प्रार्थनेतल्या उपकलमांची तिसरी. सही आणि सत्यापनाच्या आधीच्या ओळींना ‘कीप विथ नेक्स्ट’ (पुढच्या ओळीसोबत ठेवणं) लावलं की सहीची ओळ एकटी पुढच्या पानावर जात नाही. फायलिंगच्या दिवशी सरांनी सगळे उतारे आणखी आत घ्यायला सांगितले, तरी एकाच जागी बदल करून भागतं.

पानांचे क्रमांक हा खास वकिली विषय. सिनॉप्सिसच्या (पिटिशनच्या सुरुवातीच्या सारांशाच्या) पानांना ए, बी, सी आणि पुढे पिटिशनला १, २, ३ हवे असतात. यासाठी तीन फाईली करून नंतर जोडणारे लोक मी रोज बघते. ‘सेक्शन ब्रेक – नेक्स्ट पेज’ टाका, नव्या सेक्शनच्या फूटरमध्ये (पानाच्या तळाच्या पट्टीत) जाऊन ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करा आणि मगच क्रमांकाचा प्रकार बदला. ‘लिंक’ चालू राहिली तर नव्या भागाच्या फूटरमध्ये केलेला बदल आधीच्या भागातही दिसतो.

मराठीत मात्र मी वर्डला पूर्ण गुण देणार नाही. देवनागरीसाठी वर्ड फाँट आणि आकार वेगळा धरतं. कंट्रोल-डी दाबलं की इंग्रजीचा फाँट एका चौकटीत आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा दुसऱ्या चौकटीत दिसतो. वरच्या चौकटीत १४ केलं तरी मराठी मजकूर जिथल्या तिथे. स्टाइल बनवतानाच दोन्ही चौकटी भरा.

शोधण्याचं दुखणं आणखी सूक्ष्म आहे. जमिनीच्या दाव्यात ‘सातबाऱ्यावरील’ हा शब्द पानोपानी येतो. यातला ऱ्या काही कीबोर्ड वेगळ्या ऱ अक्षरापासून घडवतात, तर काही साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण वर्डच्या हिशेबी वेगवेगळे. दोघींनी टाइप केलेला दावा असेल तर ‘फाइंड’ निम्मे शब्द सोडून देतं आणि ‘रिप्लेस ऑल’ अर्धवट होतं. म्हणून शब्द स्वतः टाइप न करता दोन्ही रूपं मजकुरातून कॉपी करून दोनदा शोधावं लागतं. ऑफिसात सगळ्यांनी एकच इनस्क्रिप्ट (युनिकोड मराठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी) वापरणं हा खरा उपाय. श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फाँटमधला जुना मजकूर तर युनिकोड फाँटमध्ये आणला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं होतात. तो आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि रकार, जोडाक्षरं आणि गट नंबर मूळ कागदाशी ताडून बघा. गट नंबरातला एक आकडा चुकला तर दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, पक्षकाराची तारीख जाते.

फाईल बिघडली, उघडायलाच तयार नसेल, तर ‘ओपन’च्या बाणावर ‘ओपन अँड रिपेअर’ आहे. उघडते पण वेड्यासारखी वागते, अशी असेल तर शेवटची पॅरा-खूण सोडून बाकी सगळं निवडा आणि कोऱ्या फाईलमध्ये चिकटवा. बऱ्याचदा बिघाड त्या शेवटच्या खुणेतच अडकलेला असतो आणि जुन्या फाईलबरोबर मागे राहतो. फाईलमध्ये सेक्शन ब्रेक असतील तर एकेक भाग असाच न्यावा, ब्रेक पुन्हा टाकावेत. ‘ऑटोसेव्ह’च्या भरवशावर मात्र राहू नका. ते वनड्राइव्हवरच्या फाईलींना चालतं, ऑफिसच्या डिस्कवर ठेवलेल्या फाईलींना नाही. तिथे ‘ऑटोरिकव्हर’ असतं, त्याची मुळातली १० मिनिटांची वेळ २ वर आणा.

समोरच्या वकिलांना वर्ड फाईल पाठवण्याआधी ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवणं मी सक्तीचं मानते. पक्षकाराने सांगितलेल्या गोष्टी कॉमेंटमध्ये लिहिलेल्या असतात, ट्रॅक चेंजेसमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या सोयीत) खोडलेली वाक्यंही जिवंत असतात. पडद्यावर लपवलेली असली तरी फाईलमध्ये ती आहेतच. तपासणी प्रतीवर करा, मूळ फाईल आपल्याकडे तशीच ठेवा.

वर्डसारखंच काम करणारं लिबरऑफिस फुकट आहे आणि वाईट नाही. कोर्टातल्या अनेक कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी उबुंटू असतं, तिथे तेच चालतं. पण वर्डमधले बहुस्तरीय क्रमांक तिकडे उघडल्यावर कधी सरकतात, म्हणून बाहेर जाणारी प्रत पीडीएफच द्या.

नवी टायपिस्ट घेताना बहुतेक ऑफिसं ३० किंवा ४० शब्दांचं टायपिंगचं सर्टिफिकेट बघतात. वेग हवाच, पण त्याबरोबर तिला एक जुनी पिटिशन उघडून द्या आणि सिनॉप्सिसला ए, बी, सी लावून पुढची पानं १ पासून सुरू करायला सांगा. ज्या मुलीला ते जमतं, तिला पूर्ण वर्ड घेऊन द्यायला हात आखडू नका.