एक्ससी रेससाठी मागचा वेगवान टायर: पाच महिने, १,६०० किलोमीटर आणि साइडवॉलची तक्रार

रविवारच्या एक्ससी, म्हणजे माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री रेसमध्ये तिसऱ्या फेरीला, दगडांच्या उतारावर, मागचा टायर बाजूने, साइडवॉलवर, कापला गेला. साडेतीन सेंटिमीटरचा काप, जमिनीला टेकणाऱ्या रबरी गाठींपैकी कडेच्या गाठींपासून जेमतेम बोटभर खाली. सीलंट, म्हणजे ट्यूबशिवायच्या (ट्यूबलेस) टायरमध्ये छिद्रं बुजवायला घालतात तो द्रव, पिचकारीसारखं उडालं. प्लग (छिद्रात खुपसायची रबरी पट्टी) घातला तो हवेच्या जोराने परत बाहेर आला, दुसरा घातला तर काप आणखी फाकला. शेवटी ट्यूब टाकायची ठरवली. टायरच्या आतून हात फिरवला तर बारा काटे निघाले, सगळे सीलंटने मुकाट्याने बंद करून ठेवलेले. ट्यूबलेस वापरणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते, कितीही घाई असली तरी ट्यूब टाकण्याआधी ते काटे उपटा, नाहीतर दोन मिनिटांत ट्यूबही जाईल. या सगळ्यात अकरा मिनिटं गेली. रेस पूर्ण केली, पण त्या अकरा मिनिटांचा राग अजून उतरलेला नाही.

टायर २९ × २.२५ इंचांचा. मधल्या गाठी बुटक्या आणि एकमेकींना खेटून, कडेच्या जरा उंच, आणि केसिंग, म्हणजे गाठींखालचं धाग्यांचं आणि रबराचं अंग, त्या मॉडेलमध्ये मिळणारं सर्वांत पातळ. श्वाल्बे थंडर बर्ट, मॅक्सिस अॅस्पेन, कॉन्टिनेंटल रेस किंग यांपैकी काही वापरलं असेल तर कोणत्या जातीचा टायर ते लक्षात आलं असेल. माझा या तिघांपैकी नाही. नाव लिहीत नाही, कारण कंपनीशी पत्रव्यवहार अजून चालू आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. हा टायर पळतो. पहिल्याच दिवशी नेहमीच्या कच्च्या रस्त्यावर एक गिअर जड टाकून जाता आलं. पण नवीन वस्तूचं कौतुक आपल्याच डोक्यात असतं, म्हणून मोजून बघितलं. एक लांब, हलका उतार निवडला. खुणेपासून पॅडल न मारता सायकल सोडायची आणि जिथे थांबेल तिथे दगड ठेवायचा. जुन्या उंच गाठींच्या टायरवर चार वेळा, या टायरवर चार वेळा. दोन्हीत हवेचा दाब २२ पीएसआय, बाटली भरलेली, कोपरं वाकवून बसण्याची पद्धत तीच, वारा नसलेली सकाळ. नव्या टायरचे चारही दगड जुन्याच्या सर्वांत लांबच्या दगडापुढे पडले, आणि दोन घोळक्यांमध्ये सायकलच्या सहा लांब्यांचं अंतर होतं.

हे गाठींमुळे झालं असं मला तेव्हा वाटलं. थोडं त्यांच्यामुळे असेलही, कारण उंच गाठ जमिनीला टेकताना वाकते आणि त्यात ताकद जाते. पण मोठा वाटा केसिंगचा असतो. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो, सुटल्यावर पूर्ववत होतो, आणि दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही. काही उष्णतेत जाते. रबराचा थर जाड तेवढी ही गळती जास्त. म्हणून गुळगुळीत दिसणारा पण जाड, कडक टायर संथ निघू शकतो, आणि बऱ्यापैकी गाठींचा पण मऊ केसिंगचा टायर त्याला मागे टाकतो. निवडताना मी गाठींचे फोटो मोठे करकरून बघत बसले होते. केसिंगच्या रकान्यात काय लिहिलंय ते शेवटी पाहिलं.

त्या रकान्यातल्या धाग्यांच्या आकड्यावरही डोळे झाकून जाऊ नका. टीपीआय म्हणजे एका इंचात किती धागे. काही कंपन्या एका थरातले धागे सांगतात, काही सगळ्या थरांची बेरीज. कॉन्टिनेंटलच्या टायरवर ३/१८० असं लिहिलेलं असतं, म्हणजे तीन थर मिळून १८०, एका थराला ६०. मॅक्सिसचे १२० हे एका थरातले. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर फसायला होतं.

वजनाचं वेड मात्र मी आता सोडलं आहे. हिशेब असा. मी, सायकल, पाणी आणि हत्यारं मिळून ८५ किलो. त्यातला ६० टक्के भार मागच्या चाकावर धरला तर सुमारे ५०० न्यूटन. रोलिंग रेझिस्टन्सच्या (टायर फिरताना होणाऱ्या अडथळ्याच्या) गुणकात ०.००२ चा फरक असला की मागचं चाक १ न्यूटन जास्त अडवतं; ताशी २० किलोमीटरला साडेपाच वॉट, ताशी १० ला पावणेतीन. आता १०० ग्रॅम हलका टायर घ्या. ८ टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने जाताना वाचतं ते पाव वॉटसुद्धा नाही. चाकाचं वजन फिरतं असल्यामुळे वेग पकडताना ते दुप्पट मोजलं, तरी चित्र बदलत नाही. बॉक्सवर ६३० ग्रॅम लिहिलेला हा टायर माझ्या काट्यावर ६७१ भरला. तेव्हा चिडचिड झाली होती. आता वाटतं, ते ४१ ग्रॅम साइडवॉलमध्ये असते तर बरं झालं असतं.

साइडवॉलबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

बसवला त्याच रात्री टायरला घाम फुटला. खरोखर घाम: दोन्ही बाजूंना सीलंटचे बारीक पांढरे थेंब, शेकड्याने. सकाळी २२ चे ११ झाले होते. पातळ केसिंगमध्ये धाग्यांवर रबर इतकं कमी असतं की सूक्ष्म छिद्रं राहतात, आणि त्यातून हवा आणि सीलंटमधलं पाणी बाहेर येतं. यावर उपाय आहे. हवा भरून चाक आडवं ठेवायचं, अर्ध्या तासाने दुसऱ्या बाजूवर, मधून मधून हलवायचं, म्हणजे सीलंटमधलं लॅटेक्स साइडवॉलभर पसरून छिद्रं बुजवतं. तीन संध्याकाळी मी हेच केलं. एका आठवड्यात रात्रीची गळती चार पीएसआयवर आली, दोन आठवड्यांनी तीनवर, आणि तिथेच अडकली. पाच महिने, दर वेळी निघण्याआधी पंप. रेसच्या सकाळी पंप, स्टार्टच्या अर्धा तास आधी पुन्हा बोटांनी दाबून बघणं.

वैताग हवेचा नव्हता, सीलंटचा होता. मागच्या चाकात १०० मिलिलिटर घालते. आधीच्या टायरमध्ये ते तीन महिने ओलं राहायचं. यात सहाव्या आठवड्याला व्हॉल्व्हचा कोअर काढून काडी घातली तर कोरडी बाहेर आली. म्हणजे सीलंट दुप्पट. मला वस्तू पुरवून वापरायची सवय आहे आणि पाच महिन्यांत एका टायरने बाटली संपवलेली मला सहन होत नाही. सीलंट सुकलेल्या टायरचं संरक्षण शून्य असतं, त्यामुळे हात आखडताही येत नाही.

पकडीबद्दल थोडक्यात. कोरड्या, कडक मातीवर उत्तम. सुट्या खडीवर मागचं चाक सरकतं, पण हळूहळू, सांगून सरकतं. पुढे जास्त पकडीचा टायर ठेवला की सांभाळता येतं. पुढचं चाक निसटलं तर माणूस पडतो, मागचं निसटलं तर बहुतेक वेळा नुसती शेपूट हलते. ओल्या चिकणमातीत मात्र बुटक्या गाठी पाच मिनिटांत भरून जातात आणि चढावर चाक जागच्या जागी फिरतं. तिथे उभं राहून पॅडल मारायचं नाही, सीटच्या टोकावर बसून मागे भार ठेवायचा. मागचा ब्रेकही लवकर लॉक होतो, त्याची बोटांना सवय व्हायला दोन आठवडे लागले.

आता कंपनीशी झालेलं. फाटलेल्या टायरचे फोटो, बिल, सगळं पाठवलं. उत्तर आलं की साइडवॉलचा काप हे वापरातलं नुकसान, वॉरंटीत बसत नाही. मी लिहिलं की १,६०० किलोमीटरनंतर मधल्या गाठी अर्ध्याहून जास्त शिल्लक असलेला टायर बाजूने जातो, तर चूक कुठे आहे ते तुम्हीच सांगा. त्यांनी विचारलं, हवा किती होती. कमी हवेत टायर रिम आणि दगडाच्या मध्ये चेपून फाटला असेल, असं त्यांचं म्हणणं. मी ठणकावून लिहिलं: २२ पीएसआय, निघण्याआधी मोजलेली. शिवाय चेपून फाटला असता तर दोन काप दिसले असते, एक बीडजवळ (टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडेजवळ) आणि एक गाठींखाली, आणि रिमवर खूण असती. काप एकच आहे, रिम स्वच्छ आहे. त्यावर पुन्हा तेच छापील उत्तर.

पुढचं तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण वरच्यातलं एक वाक्य चुकीचं निघालं.

नवीन टायर बसवताना कमी दाबाचा छोटा गेज आणला, ० ते ३० पीएसआयचा. माझ्या उभ्या पंपाचा काटा १६० पर्यंत जातो. त्यावर वीसच्या आसपास काट्याच्या जाडीतच दोन-तीन पीएसआय लपतात. पंपावर २२ भरली आणि नवा गेज लावला तर १८. पुन्हा केलं, पुन्हा १८. दुसऱ्या गेजवर साडेसतरा. म्हणजे पाच महिने मी २२ समजून १८ वर चालवत होते.

उताराच्या चाचणीत दोन्ही टायर त्याच पंपाने भरले होते, त्यामुळे तो निकाल उभा राहतो. पण कापाबद्दल मला म्हणणं बदलावं लागतं. तो चेपून झालेला नव्हता, हे अजूनही ठाम. पण हवा कमी असली की टायर खाली बसतो, पोट बाहेर येतं, आणि दगडाची धार गाठींवर पडायच्या ऐवजी सरळ साइडवॉलवर पडते. त्यात माझी रिम आतून ३० मिलिमीटर रुंद. २.२५ चा टायर एवढ्या रुंद रिमवर चौकोनी होतो, साइडवॉल कडेच्या गाठींच्या रेषेत येऊन उघडी पडते. १९९६ साली अटलांटाला क्रॉस-कंट्री पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली तेव्हा २६ इंची चाकं, अरुंद रिम आणि दोन इंचांच्या आसपासचे टायर होते. आज वर्ल्ड कपमध्ये २.४ सर्रास दिसतो, आणि माझ्या रिमवर २.३५ किंवा २.४ च शोभला असता. रुंद टायर कमी हवेतही पोट सांभाळतो, आणि खडबडीत जमिनीवर कमी हवाच वेगवान असते, कारण प्रत्येक दगडावर सायकल आणि माणूस वर उचलला जाण्याऐवजी टायर तो दगड गिळतो.

कंपनीला मी खरा आकडा कळवला. न कळवता भांडत राहणं मला जमलं नसतं. पण एवढा पातळ टायर विकताना कोणत्या रिमवर, किती हवेत, कोणत्या जमिनीवर चालेल ते बॉक्सवर ठळक लिहावं, ही मागणी मी मागे घेतलेली नाही. त्यावर अजून उत्तर नाही.

सध्या मागे तेच मॉडेल आहे, २.३५ मध्ये, एक पायरी जाड केसिंगचं. ९५ ग्रॅम जास्त. पुन्हा त्याच उतारावर गेले, पुन्हा दगड ठेवले. पातळ केसिंगचे आणि याचे दगड एकमेकांत मिसळले. कोणता कोणाचा ते खडूने लिहिलं नसतं तर ओळखता आलं नसतं. प्रयोगशाळेत फरक निघेल, माझ्या उतारावर निघाला नाही. रात्रीत हवा एक पीएसआय जाते. घाम नाही. आठव्या दिवशी सकाळी पंपाला हात न लावता निघाले, आणि वाटेत दोनदा थांबून टायर दाबून बघितला.

शंभर टक्के कोरडा, गुळगुळीत, दगड नसलेला कोर्स असेल तर पातळ केसिंग घ्या, तिथे त्याचं चीज होईल. दगड असतील तर जाड, आणि रुंदी रिम बघून.

फाटलेला टायर टाकलेला नाही. आतून जाड पॅच लावला, ट्यूब घातली, सरावाच्या जुन्या चाकावर चढवला. मधल्या गाठी संपेपर्यंत तो डांबरी रस्त्यावर चालेल. पुढच्या रेसला मागे २० पीएसआयने सुरुवात करणार आहे, छोट्या गेजवर मोजून. गेज पाठीवरच्या खिशात असेल.