जिओकॅशिंगचं रेटिंग: सामान लागलं की थेट ५ का बे?

रेटिंग: ५ पैकी ३. गेमला नाही हां, गेमला माझ्याकडून डोळे झाकून ५. हा रिव्ह्यू फक्त त्या डिफिकल्टी-टेरेनच्या आकड्यांचाय.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी पटकन. कुणीतरी डबा लपवतो, त्याचे जीपीएसचे आकडे टाकतो, बाकीच्यांनी मोबाईल घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथंच परत ठेवायचा. मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसच्या सिग्नलात मुद्दाम घातलेली गडबड काढून टाकली, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांतच ऑरेगनमध्ये डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं रानात एक बादली ठेवली. त्यात पुस्तकं, सॉफ्टवेअर, बीन्सचा डबा आणि चक्क एक गलोल होती. तिथनं हे सगळं सुरू झालं.

तर प्रत्येक डब्याला दोन आकडे मिळतात. डिफिकल्टी म्हणजे डोकं किती लागेल, टेरेन म्हणजे अंग किती लागेल. दोन्ही १ ते ५, मध्ये अर्धे-अर्धे, म्हणजे ९ गुणिले ९, एकूण ८१ जोड्या. टेरेन १ म्हणजे व्हीलचेअरवरनं पण जाता आलं पाहिजे, आणि टेरेन ५ म्हणजे होडी, दोर, पाण्याखाली जायचं सामान असलं काहीतरी लागणार. इथपर्यंत एकदम क्लिअर. घोळ डिफिकल्टी ५ ला होतो, कारण तिथं पण खास ज्ञान, खास कसब किंवा खास अवजार असं धरलेलं आहे. आता खास म्हणजे कुणासाठी खास? पुण्यातल्या आयटीवाल्यासाठी का आमच्या मामासाठी?

मामाचा विषय आलाच आहे तर तेच आधी सांगतो. आम्ही चार-पाच जणांनी सोलापूरच्या आसपास स्वतःपुरते डबे लपवलेत, अ‍ॅपवर टाकलेले नाहीत पण नियम तेच पाळतो, म्हणजे जागामालकाला विचारून ठेवायचा, खड्डा करून पुरायचा नाही, दोन डब्यांत कमीत कमी १६१ मीटर अंतर. भुईकोट किल्ल्यात ठेवू म्हणून एकानं लई हट्ट धरला होता, त्याला सरळ नाही सांगितलं, संरक्षित वास्तूच्या दगडांत हात घालत बसायचं नाही. त्यातला एक डबा मामेभावानं होटगीकडच्या त्यांच्या शेतातल्या विहिरीत ठेवला. वरनं दहा-बारा फूट खाली दगडी कपार आहे, तिच्यावर स्टीलचा कडीचा डबा. अट अशी की विहिरीत कुणी उतरायचं नाही, कठड्याच्या बाहेर वाकायचं पण नाही, जे काढायचं ते वरनं. आणि पठ्ठ्यानं रेटिंग काय दिलं तर डिफिकल्टी ५, टेरेन ५. फुल्ल मार्क!

आमचा एक इंजिनिअर दोस्त त्यासाठी ऑनलाइन लोहचुंबक मागवून घेऊन आला, आयबोल्टवालं, म्हणजे वर दोरी बांधायला कडी असलेलं, नायलॉनच्या दोरीसकट, लोक नदीतनं लोखंड काढायला वापरतात ते. अर्धा तास बाबा दोरी खाली-वर करतोय, चुंबक डब्याला टेकतंय, खण्ण वाजतंय आणि परत सुटून येतंय. मग ट्यूब पेटली की आपल्या स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टीलच्या डब्यांना चुंबक नीट चिकटतच नाही, त्या स्टीलमध्ये निकेल नाहीतर मँगनीज असतं म्हणून. इंजिनिअर माणूस, आणि हे आठवलं अर्ध्या तासानं! तेवढ्यात मामा बैलाला पाणी दाखवून आला, बघितलं काय चाललंय ते आणि म्हणाला, "आरं काय येड्यावानी करताव, गोठ्यातला गळ आणा की." गोठ्याच्या भिंतीला गळ टांगलेला, चार हुकांचा, बादली विहिरीत पडली की काढायचा तो. दुसऱ्या फेकीत कडी अडकली आणि डबा वर. दोन मिनिटं पण नाही लागली.

आता सांगा डिफिकल्टी किती? गळ हे खास अवजार आहे का? विहीर असलेल्या घरात ते खराट्याइतकं साधं सामान आहे, पण शहरात सात रस्त्याला फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोरानं नावपण ऐकलेलं नसतं. आणि टेरेन ५ कशासाठी? माणूस सपाट जमिनीवर उभाय, गाडी बांधावर लावून चाळीस पावलं चालायचं, बास. आमचं भांडण इथंच झालं. माझं म्हणणं असं की सामान तुमच्या शरीराला तिथं पोचायला लागत असेल तर ते टेरेनमध्ये धरा, आणि पोचल्यावर डबा हातात यायला किंवा उघडायला लागत असेल तर डिफिकल्टीत धरा, पण धरा म्हणजे अवघडपणाएवढंच धरा, सामानाचं नाव ऐकून नाही. मी त्याला डिफिकल्टी अडीच, टेरेन दीड दिलं. मामेभाऊ दोन दिवस बोलला नाही.

लोक फुगवून ५ का देतात ते पण सांगतो. त्या ८१ जोड्यांचा एक तक्ता असतो, प्रोफाईलवर दिसतो, तो पूर्ण भरायचा नाद लागतो, आणि ५-५ चा खाना भरलेला दिसला की छाती फुगते. मग लपवणाऱ्यालापण वाटतं आपला डबा ५-५ असावा. यातनं नुकसान शोधणाऱ्याचंच, कारण खरंच दोर-हार्नेसवाला डबा आणि बॅटरी लागणारा डबा एकाच आकड्यात बसतात.

बॅटरीवरनं आठवलं, आमचा दुसरा डबा यूव्ही टॉर्चचा. एका मित्राच्या घरामागच्या भिंतीवर न दिसणाऱ्या शाईनं आकडे लिहिलेत, त्यावरनं कुलूप उघडायचं. टॉर्च नवी पेठेत दीडशे रुपयांत मिळाली, नोटा तपासायची म्हणून विकतात ती, नोटेवरचे नंबर तिच्या उजेडात चमकतात. सामान म्हणून बघितलं तर काहीच नाही. पण दिवसा गेलात तर शून्य दिसतं, एप्रिलमध्ये सोलापूरचं ऊन संध्याकाळी साडेसहापर्यंत हटत नाही, आणि अंधारात गेलात तर गल्लीतली माणसं विचारतात काय हुडकताव रे. हा मी ३ धरला, टॉर्चसाठी नाही, वेळ जमवायची आणि उत्तरं द्यायची म्हणून.

झाडाच्या डब्याबद्दल फार बोलत नाही. लिंबावर पंधरा फुटांवर टांगलाय, मांडववाल्याकडनं शिडी आणली की टेरेन २, स्वतः चढलात तर ४. एकच डबा, दोन आकडे.

पण सगळ्यात भारी चौथा. आत्याच्या वाड्यात भिंतीला पीव्हीसी पाइप उभा ठोकलाय, दीड इंची, मीटरभर उंच, खालनं बंद. तळाला छोटी प्लास्टिकची डबी, हात पोचत नाही, वरनं पाणी ओतलं की तरंगत वर येते. बाहेरच्या देशात हा प्रकार नेहमीचाच आहे. हिशोब केला तर सव्वा लिटर पाणी लागतं, म्हणजे एक लिटरची बाटली घेऊन येणारा हमखास फसतो, डबी वीतभर खाली राहते आणि माणूस वरनं बघत बसतो. त्यात लपवणाऱ्यानं पाइपला तीन भोकं पाडलीत, ती बोटांनी दाबून धरायची, म्हणजे एकट्याचं कामच नाही. तिकडचा माणूस म्हणेल पाणी काय, कुठंपण मिळतं, डिफिकल्टी २. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, उजनी धरण भरलेलं असू दे नाहीतर रिकामं. सोलापुरात मे महिन्यात भिंतीवरच्या पाइपात सव्वा लिटर पाणी ओतून खेळ करणारा माणूस बघितला की आजूबाजूच्या बायका काय म्हणतात ते इथं लिहिता येणार नाही. मी त्याला साडेचार दिलेत आणि त्यावर ठाम आहे.

तर ३ स्टार का? दोन स्टार कापले ते या एका आकड्यात सगळं कोंबल्याबद्दल. खरं तर यावर इलाज जिओकॅशिंगवाल्यांकडंच आहे, डब्याच्या पानावर बारके आयकॉन असतात, होडी लागेल, टॉर्च लागेल, यूव्ही लागेल, खास अवजार लागेल असे. मला तेच जास्त कामाचे वाटतात. ५ बघून मी काय घेऊन जाऊ? हिप्परगा तलावाच्या मधोमध डबा ठेवला तर होडीमुळं टेरेन ५ बरोबरच आहे, पण होडीवाल्याला पैसे दिले की आपण फक्त बसायचं, तिथं मला आकडा नको, होडीचा आयकॉन पायजे. फक्त "खास अवजार" एवढंच लिहून सोडतात ते अर्धवट वाटतं. कसलं अवजार ते कळलं तर मजा जाते हे मान्य, पण निदान लांबीचं का धारेचं का उजेडाचं एवढा इशारा चालेल की.

विहिरीवरचा वाद अजून मिटलेला नाही, सध्या वहीत दोन्ही रेटिंग लिहून ठेवलीत आणि मामाला विचारलं तर तो ० म्हणतो. इंजिनिअरचं चुंबक पडून आहे, कुणाला पायजे असेल तर सांगा, अर्ध्या किमतीत देतोय. आणि पाइपवाला डबा काढायला येणाऱ्यांनी पाणी घरनं आणायचं, दीड लिटर. आत्याच्या हौदातलं घेतलं होतं मागच्या वेळेस कुणीतरी, शिव्या आम्ही खाल्ल्यात.