सीएसआर निधीच्या नावाखाली आगाऊ शुल्क उकळणारे मध्यस्थ

वंचित वस्त्यांमध्ये तरुणांसाठी अभ्यासिका किंवा कौशल्य प्रशिक्षणाचे वर्ग चालवणाऱ्या छोट्या संस्थांना ‘मोठ्या कंपनीचा सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळवून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ गाठतात. अशाच एकाने आमच्या संस्थेची फसवणूक केली. त्याची कार्यपद्धती इतरांना वेळीच कळावी, म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवातीला त्याने एक रुपयाही मागितला नाही. नोंदणी प्रमाणपत्र, प्राप्तिकर सवलतीचे १२ए व ८०जी दाखले आणि लेखापरीक्षण अहवाल मागवून घेतले, प्रस्तावातील खर्चाचे तक्ते नीट करून परत पाठवले. त्यामुळे विश्वस्तांचा त्याच्यावर विश्वास बसला. पुढे एका नामांकित कंपनीच्या लेटरहेडवर मंजुरीपत्र आले. त्यावर जावक क्रमांक, गोल शिक्का, सही सारे काही होते. मात्र ते आले होते मोफत ईमेल सेवेच्या पत्त्यावरून, आणि ‘प्रक्रिया शुल्क’ व ‘करारनाम्याचा खर्च’ भरण्यासाठी दिलेले बँक खाते कंपनीचे नव्हे, तर एका व्यक्तीचे होते. दोन्ही रकमा पोहोचल्यावर ‘निधी वितरणाची अनामत’ अशी तिसरी मागणी आली, ती नाकारताच त्याचा फोन बंद झाला. असा प्रस्ताव आपल्याकडे आलेलाच नाही, असे कंपनीच्या कार्यालयाने कळवले.

गेलेली रक्कम संगणक प्रशिक्षकाच्या मानधनासाठी राखून ठेवलेली होती. वर्ग थांबला, आणि घरच्यांची मोठ्या मुश्किलीने समजूत घालून ज्या मुली येऊ लागल्या होत्या, त्यांचे येणेही थांबले. पैशांपेक्षा हे नुकसान मला कितीतरी मोठे वाटते.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक निकषांत बसणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. पैसा कंपनीकडून संस्थेकडे येतो. तो मिळण्यासाठी संस्थेने आधी कोणाच्या खात्यात काही भरावे, अशी तरतूद कायद्यात कोठेही नाही. १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ अर्जाद्वारे कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. कंपनीचे संकेतस्थळ असेल, तर संचालक मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प तिला त्यावर जाहीर करावे लागतात. म्हणून हाती आलेले मंजुरीपत्र आधी तेथे पडताळावे आणि संकेतस्थळावरील अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करावा; मध्यस्थाने दिलेल्या क्रमांकावर नव्हे.

मंजूर रकमेतील काही टक्के रोखीने परत करण्याची अट घालणारेही असतात. तेथे निधी खरोखर आला, तरी खोट्या खर्चाच्या पावत्यांची जबाबदारी विश्वस्तांवर येते.

पैसे गेलेच, तर सायबर आर्थिक फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतवाणीवर लगेच तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वीच ती गोठवता येण्याची शक्यता अधिक असते. शिवाय संस्थेचे दाखले त्या माणसाकडे राहिलेले असतात. त्यांच्या आधारे बनावट देणगी पावत्या काढल्या जाऊ शकतात, हे तक्रारीत लिहून त्याची प्रत आपल्या लेखापालाकडेही द्यावी.