डहाणूकर कॉलनीतलं गेमिंग कॅफे: पुढची रांग, मागची रांग

मी फिजिओथेरपिस्ट आहे. क्लिनिक कोथरूडलाच आहे आणि गेले आठ महिने जवळजवळ दर शनिवारी संध्याकाळी मी डहाणूकर कॉलनीतल्या या कॅफेत दोन तास व्हॅलोरंट खेळते, म्हणजे पाच-पाच जणांच्या दोन टीमचा नेमबाजीचा कॉम्प्युटर गेम. बरोबर माझा भाचा असतो. तो एकोणीसचा, मी त्रेचाळीसची. गेम एकच आणि दुकानही एकच, पण आम्हा दोघांना तिथून जे हवं असतं ते इतकं वेगळं आहे की एकट्या माझ्या मतावर हे परीक्षण लिहिणं बरोबर झालं नसतं. म्हणून त्याला शेजारी बसवून लिहिते आहे.

आधी जागा. पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, वर एसी चांगला. दोन रांगा आहेत. पुढच्या रांगेत दहा मशीन, २४० हर्ट्झचे मॉनिटर, तासाला शंभर रुपये. मागे आठ मशीन, १४४ हर्ट्झ, तासाला साठ. मी मागे बसते, भाचा पुढे. सुरुवातीला मला हे निव्वळ पैसे उकळणं वाटलं होतं. २४० हर्ट्झवर पडद्यावरचं चित्र साधारण ४ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर ७ ने. तीन मिलिसेकंदांचे चाळीस रुपये कोण देईल? एकदा भाच्याला न सांगता मालकाने पुढच्या एका मशीनचं सेटिंग १४४ वर ठेवलं. पहिला राउंड संपायच्या आत तो म्हणाला, "मावशी, याचा पडदा अडकतोय." मला त्याच मशीनवर बसवलं तेव्हा काहीही जाणवलं नाही. त्या दिवसापासून दरातल्या फरकाबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला तो फरक दिसतो त्याने तो विकत घ्यावा.

हार्डकोअर खेळाडू म्हणजे जास्त तास खेळणारा आणि शौकीन म्हणजे मजेपुरता खेळणारा, असं लोक समजतात. माझ्या धंद्यामुळे मला तो फरक आधी हातात दिसतो. भाच्याचा माउस ८०० डीपीआयवर (इंचभर सरकवला की तो ८०० टिपके मोजतो) आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्या हालचालीवर नजर किती वळेल तो आकडा, ०.३. या हिशेबाने जागच्या जागी पूर्ण गोल फिरायला त्याला माउस ५४ सेंटिमीटर सरकवावा लागतो. माझी सेन्सिटिव्हिटी १, मला १६ सेंटिमीटर पुरतात. म्हणजे तो कोपर आणि खांद्यातून खेळतो, मी फक्त मनगटातून. त्याला मोठं पॅड, मोकळं टेबल आणि बिनहातांची खुर्ची लागते. मला मनगटाखाली कड टोचायला नको, एवढंच.

आणि नेमकं तिथेच हे कॅफे मागच्या रांगेवर अन्याय करत होतं. पुढच्या टेबलांच्या कडा गोल केलेल्या, पॅड टेबलभर. मागे जुनी सनमायकाची टेबलं, कडा धारदार, उंची जास्त. माझ्यासारख्या पाच फूट दोन इंचाच्या बाईचं कोपर तिथे टेबलाच्या खाली राहतं आणि मनगट तासभर वर मुडपलेलं. मागे कोण बसतं? शाळेतली मुलं, ऑफिसातून आलेले लोक, वाढदिवसाला आलेले गट. यातल्या कुणाला आपल्या सवयीची सेटिंग्ज नसतात, म्हणजे सगळा ताण मनगटावरच. शौकीन माणूस कमी वेळ बसतो म्हणून त्याला काहीही चालतं, हा समज मला अजिबात मान्य नाही. क्लिनिकमध्ये माझ्याकडे येणाऱ्या मनगटांमध्ये शौकिनांची मनगटं असतात. मी मालकाला हे सविस्तर, हाताची हाडं दाखवून सांगितलं. पुढच्या शनिवारी मागच्या सगळ्या टेबलांच्या कडांना फोमची पट्टी लागली होती आणि दोन खुर्च्यांखाली पाय ठेवायला लाकडी पाट आले होते. त्या माणसाचं मला मनापासून कौतुक वाटलं.

आता खरी तक्रार. तासाचं बिलिंग. तास संपला की मशीन आपोआप लॉक होतं. मी स्विफ्टप्ले हा गेममधला छोटा प्रकार खेळते, त्यात आधी पाच राउंड जिंकणारा जिंकला, पंधरा मिनिटांत निकाल. तासात तीन बसतात, वर चहालाही वेळ मिळतो. भाचा कॉम्पिटिटिव्ह खेळतो, म्हणजे ज्याच्या निकालावर खेळाडूची रँक ठरते तो प्रकार. तिथे तेरा राउंड जिंकावे लागतात आणि १२-१२ झाले की ओव्हरटाइम, मग दोन राउंडांची आघाडी मिळेपर्यंत किंवा खेळाडूंनी मत देऊन बरोबरी मान्य करेपर्यंत सुटका नाही. अशी मॅच अर्ध्या तासात संपेल की पाऊण तास चालेल, हे कुणालाच माहीत नसतं. जूनमधल्या एका शनिवारी ११-११ असताना त्याचं मशीन लॉक झालं. काउंटरवर पुढे तिघे उभे होते. पैसे भरून परत येईपर्यंत मॅच हरली होती आणि मधेच गायब झाल्याचा दंड त्याच्या खात्यावर लागला होता.

घरी जाताना कर्वे पुतळा मागे पडला तरी तो स्कूटरवर एक शब्द बोलला नाही. मी म्हटलं, "अरे, एक मॅच गेली, पुढच्या शनिवारी खेळशील." तेव्हा म्हणाला, "मावशी, माझं जाऊ दे. ते बाकीचे चौघं कुठून कुठून आलेले, त्यांची रँक गेली माझ्यामुळे." मला तोवर वाटायचं की रँक हे याचं वेड आहे. एसेंडंट या रँकमधून वरच्या इमॉर्टलमध्ये जायचंय, म्हणून दररोज आधी वीस मिनिटं रेंजवर (गेममधल्या सरावाच्या मैदानावर) नेमबाजी, मग डेथमॅच, म्हणजे टीमशिवाय प्रत्येकाने स्वतःसाठी खेळायचा प्रकार, मग कॉम्पिटिटिव्ह, हरला की स्वतःचं रेकॉर्डिंग बघणं. त्या रात्री कळलं की मॅच सुरू करणं म्हणजे त्याच्या दृष्टीने चार अनोळखी माणसांना शब्द देणं असतं. मी स्विफ्टप्लेमध्ये असा शब्द कुणाला देत नाही, आणि समोरचाही माझ्याकडून मागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच कॅफेत गेले. मालक म्हणाला, "ताई, तासाचा हिशेब सगळ्यांना सारखाच असतो." मी म्हटलं, "दादा, हिशेब सारखा ठेवा, पण कुलूप नको. चालू मॅच संपू द्या, वरच्या मिनिटांचे पैसे नंतर घ्या." त्याला पटायला दोन आठवडे लागले. आता पुढच्या रांगेला मॅच संपेपर्यंत मुभा आहे. मागच्या रांगेला अजून नाही, आणि तिथेही ती हवी. मागे बसलेला मुलगा पहिल्यांदा कॉम्पिटिटिव्ह खेळत असेल तर त्यालाही तोच दंड लागतो. कॉम्पिटिटिव्ह उघडायला खात्याची लेव्हल २० लागते. भाच्याने ती तीन आठवड्यांत गाठली, मला पाच महिने लागले. पाच महिन्यांनी उघडलेलं दार तासाच्या घड्याळाने तोंडावर आपटू नये.

भाच्याचं आणि माझं एका गोष्टीवर अजून जमत नाही. या गेममध्ये खेळायला वेगवेगळ्या ताकदीचं एक पात्र, म्हणजे एजंट, निवडायचा असतो. मी हार्बर घेऊन खेळते. हा वरुण बात्रा नावाचा भारतीय एजंट, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेममध्ये आला, पाण्याच्या भिंती उभ्या करतो. मला त्या भिंती आवडतात, त्याचं मधेच हिंदी बोलणं आवडतं, बस. भाचा म्हणतो, मॅप बघ, टीममध्ये काय कमी आहे ते बघ, मग एजंट निवड. त्याचं बरोबर आहे, त्याच्या खेळासाठी. मला आठवडाभर पेशंटचे गुडघे वाकवल्यावर पाण्याची भिंत उभी करायची असते.

शनिवारी सातनंतर पुढची रांग पाच-पाचच्या टीम धरून ठेवतात आणि आवाज चढतो. मार्चमध्ये व्हॉइस चॅटवर माझा आवाज ऐकून एका मुलाने जे शब्द वापरले ते मी इथे लिहिणार नाही. तो कॅफेतलाच होता, चार खुर्च्या सोडून. मालकाने त्याचं मशीन बंद केलं, उरलेले पैसे परत दिले आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: शिवी दिली की मशीन बंद. नंतर ती पाटी पाळलीही गेली, मी दोनदा पाहिलं. त्यानंतर माझ्या दोन मैत्रिणी यायला लागल्या. मुलींना पाठवावं का असं विचारणाऱ्या आईबाबांना मी हो म्हणेन, रात्री नऊपर्यंत.

बाकीचं थोडक्यात. गेमचे अपडेट सकाळी अकराला उघडण्याआधी झालेले असतात, तुमच्या पैशांत डाउनलोड चालत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर इन्व्हर्टर फक्त पुढच्या रांगेला आहे. हेडफोनची गादी मागे सोललेली आहे, स्वतःचा न्या. पार्किंग नाही, दुचाकी गल्लीच्या तोंडाशी लावावी लागते.

आमचा शेवटचा अर्धा तास एकत्र असतो. भाचा पुढून उठून माझ्या शेजारी मागे येतो, आम्ही स्विफ्टप्ले लावतो, तो रँक विसरून मी सांगेन तो एजंट घेतो. त्यासाठी मागच्या रांगेतली ४ आणि ५ नंबरची मशीन मागून घ्या. ६ नंबरच्या माउसचं डावं बटण एका क्लिकला दोनदा वाजतं. मी तीनदा सांगितलंय, अजून बदललेला नाही.

पाचपैकी चार. भाच्याचे साडेचार.