ट्रॅप, स्कीट की स्पोर्टिंग? परवान्यावर एकच बंदूक चढणार असेल तर

सोलापुरात क्ले शूटिंग (यंत्रातून सुटणाऱ्या तबकड्या बंदुकीनं टिपण्याचा खेळ) सुरू करायचं ठरवलं की आधी परवान्याचा हिशेब मांडावा लागतो. शहरातल्या माणसाचा अर्ज पोलीस आयुक्तालयात जातो, बार्शी-अक्कलकोटकडच्याचा जिल्हाधिकारी कार्यालयात. २०१९ साली शस्त्र कायदा बदलला, तेव्हापासून सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यातली एक जागा बऱ्याच शेतकरी घरांत आजोबांच्या बारा बोअर दुनळीनं आधीच घेतलेली असते. नेमबाजांना सवलत आहे, पण नवशिक्याला ती पहिल्याच दिवशी मिळत नाही. म्हणजे खेळ तीन आणि बंदूक एक. ती विचार करूनच घ्यायला हवी.

घरातल्या त्या दुनळीवरच भागवता येईल का, असं हमखास विचारलं जातं. हात बसेपर्यंत जरूर वापरा. पण ती वजनाला हलकी असते, त्यामुळे दिवसभरात शंभर काडतुसं उडवली की खांदा बोलायला लागतो. शिवाय दोन नळ्या शेजारी-शेजारी असल्यानं डोळ्यासमोर रुंद पट्टा येतो आणि चोक, म्हणजे छर्ऱ्यांचा फवारा किती पसरेल ते ठरवणारं नळीच्या तोंडाचं आकसणं, कायमचे ठरलेले. पंप अ‍ॅक्शन (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची बंदूक) घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या, आंतरराष्ट्रीय नियमांत ती चालतच नाही.

आता खेळांकडे. ट्रॅपमध्ये तुमच्यापुढे १५ मीटरवर खंदक असतो, त्यात १५ यंत्रं. प्रत्येक जागेसाठी तीन, आणि त्यातलं कुठलं सुटणार ते ठाऊक नसतं. ११ सेंटिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅमची तबकडी वर उसळत तुमच्यापासून लांब पळते. बंदूक आधीच खांद्याला लावलेली चालते आणि एका तबकडीला दोन बार मिळतात. स्कीटमध्ये मार्ग ठरलेला. तबकडी सोडणारं एक उंच घर, एक बुटकं, तबकडी समोरून आडवी जाते, अंतर साधारण २० मीटर. पण बार एकच, आणि तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेजवळच्या खुणेच्या पट्टीलाच टेकलेला हवा. हाक दिल्यावर तबकडी लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही. स्पोर्टिंगमध्ये काहीच ठरलेलं नसतं: जमिनीवरून ससा धावावा तशी गडगडणारी तबकडी, डोक्यावरून जाणारी, उतरत येणारी, जवळची, फार लांबची.

ट्रॅपची बंदूक मुद्दाम वर मारते. छर्ऱ्याच्या फवाऱ्याचा मोठा भाग, कित्येकदा ७० टक्के, नेमाच्या वर पडतो. तबकडी चढती असल्यानं नळी तिच्या खाली ठेवून ती पूर्ण दिसत असतानाच बार टाकता येतो. चोक घट्ट, नळी ३० ते ३२ इंच, वजनही भरपूर. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधला ट्रॅप विजेता एन्नियो मातारेल्ली यांच्यासोबत पेराझी या इटालियन बंदूक कंपनीनं १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी एमएक्स८ बनवली, आणि आजही ट्रॅपवाल्यांच्या तोंडी तेच नाव असतं. पण हीच बंदूक स्कीटला उभी केली की बार सपाट जाणाऱ्या तबकडीच्या डोक्यावरून जातो, आणि २० मीटरवर घट्ट चोकचा फवारा पुरेसा फुटत नाही.

उलट स्कीटची बंदूक ट्रॅपला नेली तर काय होतं ते कागदावरच बघा. ३६ मीटरवर मोठा कागद लावून ७५ सेंटिमीटरचं वर्तुळ आखा आणि बार टाका. २४ ग्रॅमच्या काडतुसात साडेसात नंबरचे तीनशेच्या आसपास छर्रे असतात. फुल, म्हणजे घट्ट चोकमध्ये त्यातले ७० टक्के वर्तुळात सापडतात, उघड्या, म्हणजे चोक नसलेल्या नळीतून ४० टक्क्यांच्या घरात. त्या दुसऱ्या कागदावर तबकडी ठेवून बघितली की कळतं, ती अख्खी मावेल अशा मोकळ्या जागा कितीतरी आहेत. नेम बरोबर असूनही तबकडी साबूत जाते ती अशी.

म्हणून एकच घ्यायची तर माझं मत स्पोर्टिंगच्या बारा बोअर ओव्हर-अंडरला (एकीवर एक नळी असलेली दुनळी). नळी ३० इंच, बदलता येणारे चोक, वजन साडेतीन किलोच्या आसपास आणि गाल टेकतो तो कोम्ब वर-खाली करता येणारा. बेरेटा ६८६ किंवा ब्राउनिंग बी५२५ यांच्या स्पोर्टिंग आवृत्त्या याच जातीतल्या. स्कीटला सगळ्यात उघडे चोक लावा, कोम्ब खाली ठेवा. ट्रॅपला खालच्या नळीत मॉडिफाइड (मध्यम घट्ट), वरच्या नळीत फुल, आणि कोम्ब थोडा वर. तेवढ्यानं डोळा उचलला जातो आणि बारही वर चढतो. मात्र प्रत्येक बदलानंतर कागदावर तपासा आणि कोम्बच्या दोन्ही जागांच्या खुणा करून ठेवा.

दस्त्याच्या टोकाचं पॅडही बघून घ्या. ट्रॅपच्या बंदुकीला बऱ्याचदा खरखरीत रबर असतं, खांद्यावरून ते हलत नाही. स्कीटला दस्ता कमरेपासून वर येताना तेच रबर बगलेत शर्टाला अडकतं आणि तबकडी निघून जाते. स्पोर्टिंगचं पॅड वरून गोलसर, गुळगुळीत असतं. रिकामी बंदूक आरशासमोर पन्नासदा उचलून बघा, फरक हाताला लागेल.

अशा सगळ्याला चालणाऱ्या बंदुकीच्या बाजूनं आणखी एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्य जिंकलं ते डबल ट्रॅपमध्ये (एकाच वेळी दोन तबकड्या सुटतात तो प्रकार), आणि २०१६ च्या रिओनंतर तो प्रकार ऑलिंपिकमधूनच गेला. २०२० च्या टोकियोत मिश्र ट्रॅप (स्त्री-पुरुष जोडीचा प्रकार) आलं. २०२४ च्या पॅरिसला त्याच्या जागी मिश्र स्कीट आलं, आणि तिथं महेश्वरी चौहान व अनंतजीत सिंग नरुका यांचं कांस्यपदक एका तबकडीनं हुकलं. प्रकार असे येत-जात राहतात, परवान्यावरची बंदूक मात्र वर्षानुवर्षं तीच असते.

ट्रॅपच खेळायचं हे मनाशी पक्कं असेल तर माझं ऐकू नका, सरळ ट्रॅपची घ्या. वरच्या पातळीवर एकेका तबकडीचा प्रश्न असतो, तिथं ठरलेल्या कामाचीच बंदूक सरस पडते.

आयात नामांकित नेमबाजांनाच करता येते, त्यामुळे इतरांना बहुधा वापरलेली बंदूकच घ्यावी लागते. बघायला जाताना चोक काढायची किल्ली सोबत न्या. आधी बंदूक रिकामी आहे ना ते पाहा. मग दोन्ही चोक हातानं सहज फिरतात का, आटे झिजले आहेत का ते बघा. नळी उजेडाकडे धरून आतून पोचा शोधा. पुढचं लाकूड काढून, बंदूक मिटवून हलवा. सांध्यात खुळखुळ जाणवली तर किंमत कितीही कमी सांगोत, परत या. आणि घेतल्यावर, विशेषतः आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात, दर २५ तबकड्यांनंतर बंदूक रिकामी करून चोक पुन्हा आवळा. तापलेल्या नळीत ते सैल होतात, आणि सैल चोकवर बार गेला तर नळीचं तोंडच फुगतं.