नदीच्या नोंदींवरून दुष्काळ मोजला: आठ महिन्यांचा अनुभव

गोदेला पूर किती आला हे नाशिकमध्ये कुणाला विचारावं लागत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, की गावभर कळतं. दुष्काळाला मात्र असा मारुती नाही. एप्रिल २०१६ मध्ये रामकुंड कोरडं पडलं, तेव्हापासून हे मला डाचत होतं. शेवटी गेल्या जूनपासून आमच्या पाणीवापर संस्थेसाठी प्रवाह-दुष्काळ निर्देशांक काढायला लागलो.

गणित सोपं आहे. १ जूनपासून वाहिलेल्या पाण्याची तीन, सहा, नऊ, बारा महिन्यांची बेरीज घ्यायची, त्यातून तेवढ्याच काळाची बऱ्याच वर्षांची सरासरी वजा करायची आणि प्रमाण विचलनाने (दरवर्षीचे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर जातात, त्या मापाने) भागायचं. शून्याच्या वर दुष्काळ नाही. उणे १ पर्यंत सौम्य, उणे १.५ पर्यंत मध्यम, उणे २ पर्यंत तीव्र, त्याखाली अतितीव्र. मात्र आकड्यांचे लॉगॅरिदम आधी घ्या. मी सुरुवातीला घेतले नाहीत. एखाद्या महापुराच्या वर्षाने सरासरी फुगते, मग बरी वर्षंही तुटीची दिसतात.

खरा घाम काढला तो धरणांनी. गंगापूर धरणाखाली मोजलेला प्रवाह पाहिला तर आवर्तन (शेतीसाठी ठरावीक काळाने सोडलेलं पाणी) सुटलं की नदी वाहते, जायकवाडीसाठी पाणी सोडलं की आकडा एकदम सुधारतो. पाऊस नसतानाही! जुनी वर्षं तपासताना हे लक्षात आलं आणि पहिला सगळा तक्ता मी टाकून दिला. आता धरणाचा येवा, म्हणजे धरणात आलेलं एकूण पाणी, धरतो: साठ्यातली वाढ, नदीत आणि कालव्यात सोडलेलं पाणी, पिण्यासाठीची उचल आणि बाष्पीभवन, सगळं मिळून. किचकट काम आहे, पण या आकड्यावर माझा विश्वास बसला.

त्याचा मोठा फायदा म्हणजे ऑगस्टअखेर तीन महिन्यांचा आकडा हातात येतो, रब्बीचं ठरवायला वेळ मिळतो. पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, येईपर्यंत खरिपाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

येवला, सिन्नरच्या मंडळींनी मात्र हा आकडा आपला समजू नये. नदी भरते ती त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसावर. गोदा दुथडी वाहत असताना तिकडे टँकर सुरू असू शकतात.

बैठकीत आमचे अण्णा म्हणाले, "बहात्तरला प्यायला पाणी होतं, दाणा नव्हता. तुझ्या आकड्यात हे दिसेल का रे?" दिसणार नाही, असंच सांगावं लागलं. तेव्हापासून तक्त्यात निर्देशांकाशेजारी दोन रकाने वाढवलेत, विहिरींची पातळी आणि पैसेवारी.