बोलकं खेळणं, भातुकली की चौकाबारा?

जूनमध्ये पावसानं एकदा ठाण मांडलं की खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पोरांना अंगणात सोडायची सोय राहत नाही. बेळगावात पाऊस जरा कमी, पण चिखल तोच. घरात तीन ते सहा वर्षांचं मूल असेल तर प्रश्न येतोच: दुकानातलं बॅटरीवर बोलणारं खेळणं आणावं, भातुकली घ्यावी, की फरशीवर खडूनं चौकाबारा, म्हणजे कवड्या टाकून सोंगट्या फिरवायचा पट, आखावा? मी किमतीवर जात नाही. खेळताना घरातलं मोठं माणूस मुलाशी किती आणि कसं बोलतं, एवढंच बघते.

या हिशेबात बॅटरीचं खेळणं मागं पडतं. गाणं तेच म्हणतं, 'व्हेरी गुड'ही तेच म्हणतं, मग आपण भाजी निवडायला मोकळे. अमेरिकेतल्या ॲना सोसा यांचा 2016 मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे. 10 ते 16 महिन्यांच्या 26 बाळांचं आईवडिलांसोबतचं खेळणं त्यात ध्वनिमुद्रित केलं होतं. इलेक्ट्रॉनिक खेळणी समोर असताना पालक मिनिटाला सुमारे 40 शब्द बोलले, साध्या खेळण्यांशी खेळताना 56, आणि पुस्तक घेऊन बसल्यावर 67. ती बाळं अगदी लहान होती हे खरं, पण मोठ्यांची गप्प बसायची सवय मूल चार वर्षांचं झालं म्हणून सुटत नाही. तरी घेणारच असाल तर आयएसआय शिक्का बघा (1 जानेवारी 2021 पासून तो सक्तीचा आहे) आणि सेलचं झाकण स्क्रूनं बंद होतं ना, तेही. बटणाएवढा सेल पोटात गेला तर जिवावर बेततं.

भातुकली हवी तर आंबोली घाट उतरून सावंतवाडीला लाकडी मिळते. चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची खेळणी सुंदर, पण ते गाव पार बेंगळुरूच्या पलीकडं. खरं तर घरातल्या चार वाट्या, एक झारा आणि मूठभर चुरमुरे एवढ्यावरही भागतं. "काय शिजवालीस गं?" एवढं विचारून बसायचं. सकाळी अंगणवाडीत कन्नड ऐकून आलेली पोर आज्जीला मराठीत वाढते, बाहुलीला कन्नडमध्ये "ऊटा माडरी" (जेवा) म्हणते आणि मीठ विसरलं म्हणून स्वतःलाच रागावते. मध्ये शिकवायला जाऊ नका.

शाबासकी मात्र जपून. "किती हुशार माझी बाय" हे तोंडात बसलेलं असतं. त्यापेक्षा "सगळ्यांना वाढलंस आणि सांडलेलं पण गोळा केलंस" असं, केलेल्या कामाचं नाव घेऊन बोललेलं बरं. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले होते. हुशारीचं कौतुक झालेली मुलं एकदा अपयश आल्यावर लवकर हात टेकत होती. मेहनतीचं कौतुक झालेली जास्त वेळ टिकली. 'नको'चंही तसंच. "भिंतीवर रेघोट्या नको" म्हटलं की पुढं काय करायचं ते मुलाला कळत नाही, "पाटीवर काढ" म्हटलं की हात तिकडं वळतो.

चौकाबारा पाच वर्षांच्या पुढं. पंचवीस घरं, चार कवड्या, सोंगट्यांच्या जागी चिंचोके किंवा बांगडीचे तुकडे. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. मोजणं आपोआप होतं, पण खरी गंमत सोंगटी मेल्यावर. पोर पट उधळतं. तेव्हा "रडतोस काय, खेळच आहे" म्हणण्यापेक्षा "घराजवळ आली होती आणि मेली, राग आला ना?" असं म्हणून बघा. मुद्दाम हरूनही देऊ नका, मुलांना ते लगेच कळतं. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर कवड्या-चिंचोके डब्यात, डबा फळीवर.

एक उणीव भातुकलीत आणि चौकाबाऱ्यात सारखीच, दोन्ही बसून खेळायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात 180 मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली किमान 60 चांगली दमवणारी, आणि स्क्रीन एका तासाच्या वर नको. म्हणून मधेमधे फुगडी, डोक्यावर उशी घेऊन चालणं, फरशीच्या रेघा चुकवत लंगडी.

मला एकच निवडायला सांगितलं तर पाचव्या वर्षापर्यंत भातुकली. मुलगा असेल तरी भातुकलीच. पुढं चौकाबारा, आणि दिवे गेले असले तर तो कंदिलाच्या उजेडातही चालतो.